गाडी तुमची, पाना कुणाचा?

जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळणाऱ्यांना एक कोडं हमखास पडतं. नवी असताना कोटीच्या घरात गेलेली रेंज रोव्हर दहा-बारा वर्षांनी एखाद्या नव्या, साध्यासुध्या एसयूव्हीच्या किमतीत उभी दिसते. पत्रा चांगला, इंजिन दणकट, आत चामड्याच्या सीट. तरी गिऱ्हाईक कचरतं. शेजारी उभी असलेली तितकीच जुनी इनोव्हा मात्र भाव सोडत नाही.

कारण सगळ्यांना माहीत आहे. हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड. एअर सस्पेन्शन बसलं तर? गिअरबॉक्सने दगा दिला तर? कंपनीत टाकली आणि दोन-चार लाखांचं एस्टिमेट हातात आलं तर? म्हणजे ही जी किंमत पडते, तिच्यात गाडीच्या झिजेपेक्षा दुरुस्तीच्या भीतीचा वाटा मोठा आहे.

या भीतीला इतिहास आहे, आणि तो पुण्यापर्यंत येऊन पोचतो. ज्या गाडीचं आज आपल्याला भय वाटतं, तिच्या घराण्याची सुरुवात शेतकऱ्याने स्वतः पाना घेऊन दुरुस्त करायच्या गाडीपासून झाली होती. मधल्या पाऊणशे वर्षांत पाना मालकाच्या हातातून कसा गेला, कोणी नेला, आणि तो परत मागता येतो का, हे समजून घेण्यासाठी ही पोस्ट. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात १९४७ ची. इंग्लंडमधल्या रोव्हर कंपनीचे मुख्य तंत्रज्ञ मॉरिस विल्क्स यांची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती. शेतीच्या कामाला त्यांच्याकडे युद्धातली एक विलिस जीप होती. जीप कामाची, पण अमेरिकन. ती संपली की पुढे काय, हा प्रश्न होता. त्यातून आपणच अशी गाडी करू, असा विचार निघाला. पहिला नमुना तर चक्क जीपच्या चासीवरच उभा केला होता.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादावर रेशनिंग होतं. त्यामुळे बॉडीसाठी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला. मोठाले प्रेस लागू नयेत म्हणून पत्रे शक्य तितके सपाट ठेवले. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. किंमत ४५० पौंड. दारं, छप्पर असल्या गोष्टींचे वेगळे पैसे. पण इंजिनाच्या ताकदीवर शेतातली यंत्रं चालवायची सोय मात्र होती. पत्रा चेपला तर हातोडीने सरळ करा, पॅनेल फाटलं तर बोल्ट सोडून दुसरं लावा, असा सगळा हिशोब. जिथे सर्व्हिस सेंटर नाही तिथेच ती विकायची होती, म्हणून ती दुरुस्तीला सोपी करावी लागली.

आपल्याकडेही तोच काळ जीपचा होता. महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या ‘डिस्पोजल’च्या जीप गावोगाव फिरत होत्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्राने मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. या गाड्यांनी महाराष्ट्रात मिस्त्र्यांची एक अख्खी पिढी घडवली. हे लोक कुठल्याही कॉलेजात गेले नव्हते. गाडी उघडता येत होती, म्हणून ते शिकू शकले. पुण्याच्या नाना पेठेतली किंवा कुर्ल्यातली सुट्या भागांची दुकानं याच उघडता येणाऱ्या गाड्यांच्या जोरावर वाढली.

मग आली रेंज रोव्हर. १७ जून १९७०. अभियंता स्पेन किंग आणि त्यांची टीम. चारही चाकांना कायम ताकद देणारी फोर व्हील ड्राइव्ह, पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि मूळ अमेरिकन ब्यूइकचं साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियम व्ही-८ इंजिन. किंमत १,९९८ पौंड. शेतात चालेल आणि मोटरवेवरही पळेल, अशी गाडी तोवर फारशी कुणी पाहिली नव्हती.

पण आत काय होतं? रेक्झिनसारख्या प्लास्टिकच्या सीट आणि रबरी मॅट. चिखल झाला तर पाण्याचा पाइप घेऊन धुऊन काढा! चामडं नाही, लाकूड नाही. आज जिला आपण श्रीमंतीची खूण समजतो, ती जन्मली तेव्हा शेतावरून थेट गावातल्या कामाला जाता यावं म्हणून जन्मली. पुढे म्हातारपणी खुद्द स्पेन किंग यांनीच जाहीरपणे सांगितलं, की ही गाडी प्रतिष्ठा मिरवायला काढलेली नव्हती, आणि शहरात दिखाव्यासाठी असल्या गाड्या फिरवणाऱ्यांवर त्यांनी टीकाही केली.

त्या काळी ब्रिटनमध्ये मालकाने स्वतः गाडी खोलणं ही नित्याची गोष्ट होती. जॉन हेन्स नावाच्या माणसाने तर त्यावर एक अख्खा प्रकाशन व्यवसाय उभा केला. एक गाडी घ्यायची, ती पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची, आणि प्रत्येक पायरीचे फोटो काढून पुस्तक छापायचं. पहिलं पुस्तक निघालं १९६६ मध्ये, ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर. पुढे रेंज रोव्हरवरही निघालं. म्हणजे व्ही-८ इंजिनाची आलिशान गाडी सामान्य माणूस घरामागच्या शेडमध्ये दुरुस्त करू शकतो, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. २०२० च्या शेवटी याच हेन्स कंपनीने नव्या गाड्यांवरची छापील पुस्तकं काढणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. या दोन तारखांच्या मधेच आपली सगळी गोष्ट घडते.

बदल हळूहळू आला. १९८१ मध्ये चार दारांची रेंज रोव्हर आली. मग चामडं, लाकूड, एअर कंडिशनिंग. १९९२ मध्ये इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आलं. लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे, त्यांना हवा पुरवणारा कंप्रेसर, हवा कुठे किती सोडायची ते ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा कॉम्प्युटर. १९९४ मध्ये दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर आली, तिला जाणकार ‘पी-३८’ म्हणतात. तिच्यात पुढच्या सीटखाली एक इलेक्ट्रॉनिक पेटी होती. दारं, दिवे, काचा, चोरीचा अलार्म, सगळं त्या एका पेटीच्या ताब्यात.

आता पी-३८ च्या सस्पेन्शनचा किस्सा नीट बघा, कारण सगळा मुद्दा त्यात आहे.

व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये रबराच्या छोट्या ओ-रिंग असतात. काही वर्षांनी रबर सुकतं, ओ-रिंग गळते, हवा निसटते. कंप्रेसर बिचारा सतत चालून तापतो. शेवटी कॉम्प्युटरला वाटतं की काहीतरी मोठं बिघडलंय, आणि तो सगळी यंत्रणा बंद करतो. गाडी खाली बसते आणि समोरच्या पडद्यावर ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटरच्या वर जाऊ नका असा इशारा येतो.

बिघाड कशाचा? ओ-रिंगचा. मशीनमधली सगळ्यांत स्वस्त वस्तू. ज्याने हातपंप दुरुस्त केलाय, त्याला ओ-रिंग बदलता येते. पण ओ-रिंग बदलली तरी गाडी उठत नाही! कारण कॉम्प्युटरच्या स्मरणात फॉल्ट नोंदलेला असतो, आणि तो पुसायला कंपनीचं खास यंत्र लागतं. ते यंत्र अधिकृत वर्कशॉपमध्ये.

म्हणजे यांत्रिक काम मालकाच्या आवाक्यात होतं. आवाक्याबाहेर होती ती कॉम्प्युटरची परवानगी.

मालकांनी यावर दोन वाटा काढल्या. काहींनी एअर सस्पेन्शनच काढून टाकलं आणि साध्या लोखंडी कॉइल स्प्रिंग बसवल्या. दुसरी वाट जास्त महत्त्वाची. एका हौशी मालकाने खटपट करून फॉल्ट पुसण्याचं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं आणि ते फुकट वाटलं. एक केबल, एक जुना लॅपटॉप, आणि काम झालं. जगभरातल्या पी-३८ त्यामुळे भंगारात जायच्या वाचल्या. कंपनीला जे द्यायला हवं होतं, ते गिऱ्हाइकांनी एकमेकांना दिलं.

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाडीत कॉम्प्युटर आला तो काही केवळ गिऱ्हाइकाला लुबाडायला नाही. धूर कमी करायचा तर इंधनाचं मोजमाप क्षणाक्षणाला करावं लागतं, आणि ते कार्बोरेटरच्या बसकं काम नाही. एबीएस, एअरबॅग यांनी माणसं वाचवली आहेत. उलट प्रदूषणाच्या कायद्यामुळेच तर गाडीच्या पोटात डोकवायची एक खिडकी सर्वांना मिळाली. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ओबीडी-२ नावाचं ठरावीक १६ पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. भारतात ओबीडीचा पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये आला. आज कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक जो स्कॅनर लावतो, तो याच खिडकीतून आत बघतो.

पण खिडकी अर्धवटच उघडी आहे. कायद्याची सक्ती धुराशी संबंधित माहितीपुरती. सस्पेन्शन, गिअरबॉक्स, चावी, एअरबॅग, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक यांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि बरीचशी कुलूपबंद. आजच्या कित्येक महागड्या गाड्यांत मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी कॉम्प्युटरला सांगून हँडब्रेक ‘सर्व्हिस मोड’मध्ये न्यावा लागतो. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवली तरी तिची नोंद करावी लागते. पाना आहे, हात आहे, पार्टही आहे. पासवर्ड नाही.

माहिती दडवण्याचा आणखी एक साळसूद प्रकार आहे, तो म्हणजे ‘लाइफटाइम ऑइल’. रेंज रोव्हर, बीएमडब्ल्यू अशा कित्येक गाड्यांत जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. असल्या गाड्यांच्या कंपन्या सांगत आल्या की यातलं ऑइल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेलं आहे, बदलायची गरज नाही. आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ काय सांगते? वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरवर किंवा आठ वर्षांनी बदला. त्यासाठी फिल्टर, ऑइल, बोल्ट असं सगळं किटही तीच विकते.

मग ‘आयुष्यभर’ म्हणजे कुणाचं आयुष्य? पहिल्या मालकाचं? वॉरंटीचं? पहिला मालक चार-पाच वर्षांत गाडी विकून मोकळा होतो, त्याचा मेंटेनन्सचा खर्च कमी दिसतो, कंपनीचं नाव चांगलं राहतं. काळं पडलेलं ऑइल आणि झटके देणारा गिअरबॉक्स दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या पदरात पडतो. जुनी आलिशान गाडी घेणाऱ्याने पहिल्यांदा हा कागद तपासावा: गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं? उत्तर ‘ते बदलायचं नसतं’ असं आलं, तर समजून जा.

या काळात लँड रोव्हरची मालकीही फिरत राहिली. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यू, २००० मध्ये फोर्ड, आणि जून २००८ मध्ये टाटा. जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून सौदा झाला २३० कोटी डॉलरचा. त्या वेळी आपल्याकडे झालेला आनंद आठवत असेल. तो रास्तही होता. २०११ मध्ये पुण्यात फ्रीलँडर-२ ची जोडणी सुरू झाली, आणि मे २०२४ मध्ये तर खुद्द रेंज रोव्हरच पुण्यात जोडायचं कंपनीने जाहीर केलं. अँगलसीच्या शेतावर सुरू झालेली रेघ अशी पिंपरी-चिंचवडपर्यंत आली.

म्हणजे आता ‘परदेशी गाडी आहे, आपण काय बोलणार’ ही सबब उरलेली नाही. गाडी जोडणारे हात आपले आहेत. प्रश्न आहे तो ती खोलणाऱ्या हातांचा.

परदेशात लोकांनी हा प्रश्न कसा लावून धरला, ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्यानेच कंपन्यांना बजावलं, की आमचाच पार्ट किंवा आमचीच सर्व्हिस घेतली तरच वॉरंटी, अशी अट फुकट पार्ट किंवा सर्व्हिस दिल्याशिवाय घालता येणार नाही. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये थेट मतदान झालं: जी माहिती अधिकृत डीलरला देता ती स्वतंत्र गॅरेजला आणि मालकालाही द्यायची की नाही? सुमारे ८६ टक्के लोकांनी ‘द्यायची’ म्हटलं. इतकी एकजूट राजकारणात एरवी कुठे दिसते? त्यानंतर २०१४ मध्ये कंपन्यांनी देशभरासाठी तसा करार केला. मग गाड्या इंटरनेटला जोडल्या गेल्या आणि माहिती सॉकेटमधून न येता थेट कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ लागली. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी २०२० मध्ये पुन्हा मतदान केलं, या वेळी सुमारे ७५ टक्के. कंपन्या कोर्टात गेल्या आणि खटला वर्षानुवर्षं चालला.

युरोपात २००२ पासूनच्या नियमांनी स्वतंत्र गॅरेजांना तांत्रिक माहिती मिळायचा रस्ता मोकळा केला. तिथे शुल्क भरलं की कंपनीच्या संकेतस्थळावरून वर्कशॉप मॅन्युअल मिळतं. फुकट नाही, पण दार बंदही नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे काहीच झालं नाही असं समजू नका. खूप मोठं काहीतरी झालं होतं. आपण ते विसरलो.

२०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तीन कंपन्यांपासून सुरू झालेली चौकशी वाढत वाढत जवळजवळ अख्ख्या कार उद्योगापर्यंत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने निकाल दिला आणि १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या यादीत मारुती, टाटा, महिंद्रा होत्या, तशाच मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन, स्कोडाही. म्हणजे देशी-परदेशी, स्वस्त-महाग असा भेद नव्हता.

आयोगाला काय आढळलं? सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना ते खुल्या बाजारात विकायला मोकळीक नव्हती. तपासणीची यंत्रं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळत नव्हती. बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल, अशी तंबी होती.

कंपन्यांचा बचाव ऐकण्यासारखा आहे. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक गाडी घेतानाच पुढच्या सगळ्या खर्चाचा हिशोब करून घेतं, त्यामुळे गाडी आणि तिचे पार्ट हा एकच बाजार धरा, आणि त्या बाजारात भरपूर स्पर्धा आहे. आयोगाने ते मानलं नाही. दहा वर्षांत कुठला पार्ट कितीला पडेल, याची माहितीच गिऱ्हाइकाकडे नसते, तर तो हिशोब करणार कसा? एकदा गाडी घेतली की तो त्या कंपनीच्या पार्टशी बांधला गेला. म्हणून प्रत्येक कंपनीच्या गाड्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती हा वेगळा बाजार आहे आणि तिथे कंपनीची मक्तेदारी आहे. जुनी आलिशान गाडी ज्याच्या दारात उभी आहे, त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

आयोगाने दंडासोबत आदेशही दिले: पार्ट आणि तपासणीची यंत्रं स्वतंत्र गॅरेजना मिळाली पाहिजेत, आणि नुसतं बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने त्यातल्या तीन कंपन्यांच्या बाबतीत आयोगाचं म्हणणं मूलतः उचलून धरलं, दंड मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरता कमी केला. बाकी लढाई हायकोर्टाच्या वाटेने गेली.

२०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग घेतले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू झालं. उघडून बघा जरूर. तिथे काही कंपन्यांची माहिती आहे, काही ठिकाणी सर्व्हिस सेंटरचे पत्ते आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माहिती दिली नाही तर शिक्षा काय, हे जोवर लिहिलं जात नाही, तोवर तो एक सूचनाफलक आहे.

आता कुणी म्हणेल, कोट्यवधींच्या गाड्यांची दुखणी आम्ही कशाला ऐकायची? रास्त प्रश्न आहे. उत्तरं तीन.

एक, जुनी आलिशान गाडी आज श्रीमंताकडे नसतेच. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंधनं आणली. पुढे त्यात बदल होत राहिले, पण त्या धास्तीने तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. घेणारे कोण? छोटे व्यावसायिक, कंत्राटदार, हौशी तरुण. तालुक्याच्या गावी अधिकृत सर्व्हिस सेंटर नाही. गाडी टो करून शहरात न्यायची, की गावातल्या मेकॅनिकला दाखवायची?

दोन, जे कुलूप आज महागड्या गाडीला लागतं, ते पाच-दहा वर्षांत साध्या गाडीला लागतं. एअरबॅग, एबीएस, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक, सगळं वरूनच खाली झिरपलं. ट्रॅक्टरही त्याच वाटेवर आहे. अमेरिकेतले शेतकरी आपल्याच ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर उघडता यावं म्हणून भांडतायत. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत पडद्यावर एरर आली आणि कंपनीचा माणूस चार दिवसांनी आला, तर पाऊस थांबणार आहे का?

तीन, हा रोजगाराचा प्रश्न आहे. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून बाहेर पडणाऱ्या पोराने स्वतःचं गॅरेज टाकायचं, तर त्याला यंत्र आणि माहिती विकत तरी मिळायला हवी. नाहीतर त्याच्यापुढे एकच रस्ता: कुणाच्या तरी सर्व्हिस सेंटरमध्ये पगारावर पार्ट बदलत राहणं.

कंपन्यांचे आक्षेप सगळेच खोटे नाहीत. चावीचं प्रोग्रॅमिंग सगळ्यांना खुलं केलं तर चोरांचं फावेल, यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये रेंज रोव्हरच्या चोऱ्या इतक्या झाल्या, की तिचा विमा मिळणं मालकांना अवघड झालं होतं. नकली पार्टचा सुळसुळाट खरा आहे. अर्धवट ज्ञानाने एअरबॅगला हात लावणं जिवावर बेतू शकतं. पण यावर तोडगे आहेत. चोरीशी संबंधित कामांसाठी नोंदणी झालेले, पडताळणी केलेले मेकॅनिक असू शकतात. नकली पार्ट तेव्हाच खपतो, जेव्हा अस्सल पार्ट बाहेर मिळत नाही किंवा त्याची किंमत अवाच्या सवा असते. कुलूप चावीला लावा ना. ओ-रिंगला कशाला?

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी थोडं व्यावहारिक. घरच्या घरी बरंच काही करता येतं. इंजिन ऑइल आणि फिल्टर कंपनीच्या मुदतीपेक्षा लवकर बदला, आपल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये ते शहाणपणाचं आहे. एअर फिल्टर, केबिन फिल्टर हे तर दहा मिनिटांचं काम. सस्पेन्शन रात्रीतून एका कोपऱ्यात बसत असेल तर सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले की गळती सापडली. ती आज सापडली तर उद्याचा कंप्रेसर वाचतो. सनरूफच्या पाण्याच्या नळ्या मेअखेर साफ करा. झाडाचा पाला अडकतो, पावसाचं पाणी आत उतरतं, आणि कार्पेटखालच्या वायरिंगला लागलं की मग खर्च सुरू. दोनचार हजारांचा बरा स्कॅनर घ्या, म्हणजे गॅरेजला जाण्यापूर्वी फॉल्ट कोड तरी तुमच्या हातात असेल.

आणि काय करू नये, तेही ऐका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, घोडी लावल्याशिवाय नाहीच. एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली तर मुळीच नाही, ती न सांगता खाली बसू शकते. एअरबॅग, सीटबेल्ट, डिझेलची हाय प्रेशर लाइन, हवेने भरलेले फुगे यांना जाणकाराशिवाय हात लावू नका. केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि बिल एका वहीत ठेवा. गाडी विकताना ती वही शिक्क्यांच्या पुस्तकाइतकीच बोलते.

शेवटी, मागायचं काय? माझ्या मते चारच गोष्टी.

१. डीलरला मिळणारी तांत्रिक माहिती आणि तपासणीचं सॉफ्टवेअर रास्त शुल्क घेऊन स्वतंत्र गॅरेजला आणि मालकालाही मिळावं.

२. सुटे भाग बनवणाऱ्यांना ते खुल्या बाजारात विकायची मुभा असावी, आणि पार्टच्या किमती जाहीर असाव्यात.

३. बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द होणार नाही, हे वॉरंटी कार्डावरच ठळक मराठीत छापलेलं असावं. बाहेरच्या कामामुळेच नुकसान झालं, हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची.

४. यातलं काही नाकारलं तर तक्रार कुठे करायची आणि किती दिवसांत निकाल लागेल, हे कायद्यात लिहिलेलं असावं.

यात क्रांतिकारक काही नाही. पहिल्या तीन मागण्यांचा गाभा स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच मांडून ठेवला आहे. तो अमलात आणायचा आहे, एवढंच. निवडणुकीत उमेदवार रस्त्यांबद्दल बोलतात, टोलबद्दल बोलतात. त्या रस्त्यावर चालणारी गाडी कोण दुरुस्त करणार, हेही त्यांना एकदा विचारा.

तुमच्या गावात, तुमच्या गॅरेजमध्ये याचा काय अनुभव आहे? मेकॅनिक मित्रांनी तर जरूर लिहावं. कंपनीची बाजू माहीत असलेल्यांनीही लिहावं. फक्त कुणाचं खासगी नाव, नंबर टाकू नका. पोस्ट पटली तर नावासकट पुढे पाठवा, नाही पटली तर का नाही ते सांगा.

#दुरुस्तीचाहक्क #गाडीमाझीपानामाझा